परदेशी गेलेली मुलं आणि नाशिकचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००३ साली नवऱ्याच्या नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला गेले आणि २०१७ साली आईसाठी नाशिकला परत आले. दोन वर्षांनी लेक शिकायला मेलबर्नला गेली, आता तिथेच नोकरी करते. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना मी बसले आहे. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला येणाऱ्यांपैकी किती घरांतली मुलं बाहेर आहेत ते मोजायला गेलं तर बोटं पुरत नाहीत. कोणी ना कोणी थांबवून काहीतरी विचारतंच. तिकडून भाचरं, पुतणे रात्री-अपरात्री मेसेज टाकून विचारतात ते वेगळं. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. बँक, कस्टम आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेवढं प्रत्यक्ष कामाच्या वेळी पुन्हा तपासून घ्या.

रोज फोन करावा की आठवड्यातून एकदा?

रोज, पण थोडा. रविवारचा तासभराचा फोन ठरवला की आठवडाभर काय साठवायचं याचं ओझं होतं, आणि एखादा रविवार हुकला की पंधरा दिवस जातात. पाच मिनिटांचा रोजचा फोन हुकला तरी दुसऱ्या दिवशी भरून निघतो. आईवडिलांनीही एक पाळावं : फोन लगेच उचलला नाही म्हणून पाठोपाठ सात मिस्ड कॉल देऊ नयेत. मीटिंगमध्ये बसलेल्या मुलीला घरचे सात मिस्ड कॉल दिसले की तिच्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे ठरलेलं आहे, एक मिस्ड कॉल म्हणजे सवडीने कर, लागोपाठ दोन म्हणजे हातातलं टाकून कर. दोनची वेळ सात वर्षांत तीनदाच आली.

फोनवर बोलायला काही उरतच नाही. "जेवलीस का" आणि "हवा कशी आहे" झालं की दोघंही गप्प. काय बोलायचं?

सगळ्यांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

"कसं चाललंय?" या प्रश्नाला "बरं चाललंय" याशिवाय उत्तर नसतं. बारीकसारीक विचारा आणि बारीकसारीक सांगा. आज डब्यात काय नेलंस? शेजारच्या खोलीतली मुलगी अजून रात्री गिटार वाजवते का? त्या दाढदुखीचं काय झालं? आईनेही "इकडे सगळं ठीक" म्हणून विषय संपवू नये. कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकान मुलाच्या हवाली केलं, पायरीवरच्या कुंडीतल्या मोगऱ्याला पहिली कळी आली, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कोथिंबीर आणून दिली आणि तासभर बसल्या, हे सगळं सांगण्यासारखंच असतं. परदेशात राहणाऱ्याला घरची मोठी बातमी कुठूनही कळते. कोथिंबिरीची बातमी मात्र आईच देऊ शकते, आणि ती मिळत राहिली की माणूस मनाने त्या घरात राहतो.

माझी शाळेतली एक मैत्रीण मला दर पावसाळ्यात स्टुटगार्टला एकच बातमी कळवायची : गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं. आधी फोन करून, नंतर एसएमएसने, पुढे फोटो काढून. "पोटऱ्या बुडाल्या", "कमरेला लागलं", "आज छातीपर्यंत". गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर किती हे नाशिककर त्या मारुतीवरून मोजतात, हे तिकडे कोणाला समजावून सांगणार? ऑफिसात तो मेसेज वाचला की घाटावरच्या ओल्या दगडांचा वास यायचा. चौदा वर्षांत आम्ही दोघी एकमेकींना फार मोठं काही बोललो नसू, पण परत आले तेव्हा कुठून सुरुवात करायची असा प्रश्न पडला नाही.

आणि गप्प बसायलाही हरकत नाही. लेक संध्याकाळी फोन ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते आणि तिची फोडणी चालते. इकडे मी समोर मेथीची जुडी घेऊन बसते. दहा-दहा मिनिटं कोणी बोलत नाही. मध्येच ती विचारते, "आई, हिंग आधी की मोहरी?" तिला ते माहीत असतं.

वेळेचं गणित कसं जमवायचं?

भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं, तिकडे बऱ्याच देशांत वर्षातून दोनदा बदलतं. गोंधळ तिथे होतो. आपण तिकडच्यापेक्षा पुढे आहोत की मागे, एवढं कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा.

ब्रिटन हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. न्यूयॉर्क साडेदहा आणि साडेनऊ, कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. दुबई कायम दीड तास मागे, सिंगापूर कायम अडीच तास पुढे. मेलबर्न आणि सिडनी त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल, साडेपाच तास पुढे आणि एरवी साडेचार.

अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडनचा मुलगा, न्यू जर्सीची मुलगी आणि नाशिकचे आईबाबा असा तिघांचा कॉल ठरला असेल तर कोणीतरी एक तास वाट बघत बसतं. असंच पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतं.

अमेरिकेतल्या मुलांसाठी नाशिकची सकाळची सातची वेळ चांगली. न्यूयॉर्कला आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ-साडेनऊ असतात, जेवणं झालेली असतात. कॅलिफोर्नियात साडेपाच-साडेसहा, ऑफिसातून घरी जाण्याची वेळ. युरोपसाठी आपली रात्रीची साडेनऊ-दहा बरी. ऑस्ट्रेलियासाठी दुपारची दीड, तिकडे संध्याकाळ होत आलेली असते. तेव्हा आपल्याकडची दुपारची झोप मागे सरकवावी लागते. मी सरकवली.

दुबईहून व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. फोन बिघडला का?

नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज चालतात, पण आवाजाचे आणि व्हिडिओचे कॉल बंद आहेत. तिकडे परवानगी असलेली बॉटिमसारखी ॲप्स वापरतात. तेच ॲप इथे आईबाबांच्या फोनवर टाकून द्या. चीनमध्ये तर व्हॉट्सॲप चालतच नाही आणि तिकडचं वीचॅट भारताने २०२० च्या जूनमध्ये बंद केलं, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी कशावर बोलायचं ते निघण्याआधीच ठरवून, दोन्हीकडे करून पाहून जावं.

अजूनही काही घरांत "स्काइप उघडत नाही" अशी तक्रार येते. ते ५ मे २०२५ पासून बंदच झालं आहे.

आईबाबांना स्मार्टफोन जमत नाही. काय करू?

एका सुट्टीत सगळं शिकवायला जाऊ नका. तुम्ही भराभरा बोटं फिरवता, "अगं सोपं आहे" म्हणता आणि ते "हो, कळलं" म्हणतात. कळलेलं नसतं.

एका वेळी एकच गोष्ट : आलेला व्हिडिओ कॉल उचलणं. आठवडाभर तेवढंच. नको ती ॲप्स मुख्य पडद्यावरून काढा, अक्षर मोठं करा, फोनची भाषा मराठी करा, मुलाबाळांचे फोटो लावून नंबर समोर ठेवा. शे-दोनशे रुपयांचा स्टँड आणा, म्हणजे हात भरून येत नाही आणि तुम्हाला कपाळ आणि पंखा एवढंच दिसत नाही. लिहिता येत नसेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. आईला मी हे शिकवलं तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि तिने पहिला मेसेज पाठवला तो नातीला : "अंग धुतलं का".

शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला महिन्यातून एकदा घरी बोलावून फोन बघायला सांगा. त्याला चहा-पोहे मिळतात, आईबाबांना नवीन माणूस मिळतो.

आजारपण मुलांना कळवावं का? उगाच तिकडे जीव टांगणीला लागतो.

कळवा. त्याच दिवशी कळवा.

मी हे इतक्या ठामपणे का सांगते ते लिहिते. २००९ च्या पावसाळ्यात माझे वडील, नाना, तिवंध्यातल्या आमच्या जुन्या घरी मोरीत घसरले. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. मला अकरा दिवस कोणी सांगितलं नाही. मी फोन करायची, आई म्हणायची, "नाना झोपलेत." दुसऱ्या दिवशी, "नाना देवळात गेलेत." दादा म्हणायचा, "अगं, सरकारवाड्याकडे चक्कर मारायला गेलेत, येतील." अकराव्या दिवशी नाना स्वतः फोनवर आले, आवाज अगदी ठणठणीत काढला. पण फोनपर्यंत चालत येताना शहाबादी फरशीवर वॉकरचा ठक, मग पाय ओढल्याचा आवाज, पुन्हा ठक, असं मी ऐकलं. मी विचारलं, "नाना, हातात काय आहे?" ते काही बोलले नाहीत.

सगळ्यांनी मायेपोटीच लपवलं होतं. मला राग आला नाही, पण त्यानंतर दोन वर्षं एकही फोन मी सरळ ऐकू शकले नाही. आई "बरं आहे" म्हणाली की मी तिच्या मागचे आवाज ऐकत बसायची. कोण खोकतंय, भांडी कोण घासतंय, नानांची बातम्या लावायची वेळ झाली तरी टीव्ही का बंद आहे. एकदा लपवलं की पुढचं प्रत्येक "बरं आहे" खोटं वाटायला लागतं, ही त्याची खरी किंमत.

नंतर आम्ही चौघांनी बसून ठरवलं. वाईट बातमी त्याच दिवशी द्यायची. एकाच माणसाने द्यायची, आमच्यात दादाने. चार गोष्टी सांगायच्या : काय झालं, आत्ता माणूस कुठे आहे, डॉक्टर काय म्हणाले, आणि तू यावंस असं वाटतं की नाही. चौथी सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत गरजेची. "तू बघ तुला कसं जमतं ते" म्हटलं की तिकडचा माणूस रात्रभर विमानांचे दर बघत बसतो. "ये" म्हणा किंवा "आत्ता नको, मंगळवारी रिपोर्ट आल्यावर सांगतो" म्हणा.

२०११ साली दादाचा फोन रात्री दोनला आला आणि तो एवढंच म्हणाला, "ताई, ये." मी दुसऱ्या दिवशी रात्री नाशिकला पोहोचले. नानांना त्यानंतर दोन दिवस मिळाले.

आणि मुलांनो, हा नियम उलटही लागू आहे. २०२० मध्ये मेलबर्नला महिनोन् महिने लॉकडाऊन होता, लेकीचं अर्धवेळ काम गेलं होतं, आणि ती मला फोनवर रोज हसून दाखवत होती. घरभाडं मैत्रिणीकडून उसनं घेतलं हे मला पुढच्या वर्षी कळलं. आई-बापाला काळजी करायचा हक्क आहे, तो काढून घेऊ नका.

अडीअडचणीला धावून कोण येणार?

पहिल्यांदा हे लक्षात घ्या की परदेशातून १०८ किंवा ११२ फिरवलं तर नाशिकची गाडी येत नाही. तिकडून लागायला पूर्ण नंबर हवा. म्हणून घराजवळच्या रुग्णालयाचा, नेहमीच्या डॉक्टरांचा, औषधाच्या दुकानाचा, सोसायटीच्या वॉचमनचा आणि दोन शेजाऱ्यांचा नंबर आत्ताच साठवा. लँडलाइन असेल तर ०२५३ मधलं शून्य काढून +९१ २५३ असा.

घराची एक किल्ली शेजारी हवी, आणि ती कुठल्या कुलपाची हे त्यांना माहीत हवं. आतून कडी लावायची सवय असेल तर बाहेरूनही उघडेल असं लॅच बसवून घ्या. एका फाइलमध्ये आधार, आरोग्य विम्याचं कार्ड, चालू औषधांची यादी, रक्तगट आणि जुने रिपोर्ट ठेवा. आमच्याकडे ती लाल फाइल फ्रिजवर असते आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्या पाच जणांना ती माहीत आहे. विम्याची मंजुरी कुठल्या रुग्णालयात थेट मिळते हेही आधीच बघा, रात्री अकराला स्ट्रेचरशेजारी उभं राहून ते शोधता येत नाही.

शेजाऱ्यांशी तुमचं स्वतःचं नातं हवं. वर्षातून एकदा आलात की आईबाबांच्या शेजारी पंधरा मिनिटं जाऊन बसा. चॉकलेटचं पाकीट आईच्या हाती पाठवून ते काम होत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, ती आईबाबांच्या फोनमध्ये साठवून ठेवा.

भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवावा का?

ठेवा. बँकेचा ओटीपी, आधार, घरपट्टी, सगळं त्याच नंबरवर अडकलेलं असतं. प्रीपेड नंबर नव्वद दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊन दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, तेव्हा छोटा रिचार्ज मारत राहा आणि जाण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. ते नसेल तर ओटीपीचा मेसेज तिकडे पोहोचत नाही.

परदेशी स्थायिक झालात की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडच्या कमाईचे पैसे पाठवायला एनआरई खातं काढता येतं. बरेच जण वर्षानुवर्षं जुनं खातं तसंच चालवतात, ते नियमात बसत नाही. मुलांनी आईवडिलांना पाठवलेल्या पैशांवर आईवडिलांना इथे आयकर लागत नाही, कितीही असले तरी. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी दबक्या आवाजात विचारतं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

"तुमचा मुलगा अडचणीत आहे" असा फोन आला तर?

फोन ठेवा आणि मुलाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा. मुलं परदेशात आहेत हे या टोळ्यांना ठाऊक असतं. मुलाला पोलिसांनी पकडलंय, मुलीच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, व्हिडिओवर बसून राहा, कोणाला सांगू नका. आपल्या कायद्यात "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकारच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. आता आवाजाचीही नक्कल करता येते, तेव्हा घरातला एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, जो कधीच लिहून पाठवलेला नाही. आमचा शब्द एका खूप जुन्या मांजरीचं नाव आहे. पैसे गेलेच तर क्षणभरही लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

खाऊ पाठवायचा आहे. काय चालतं?

नाशिकचा चिवडा बंद पाकिटातला असेल तर बहुतेक ठिकाणी जातो. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही, घरचं तूप हे युरोपातल्या देशांत, ब्रिटनला आणि ऑस्ट्रेलियाला नेऊ नका, दुधाच्या पदार्थांवर तिकडे बंदी आहे. ताजी द्राक्षं तर नाहीच, कितीही जीव तुटला तरी. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याचं सगळं "आहे" म्हणून लिहा. लिहिलं आणि काढून घेतलं तर फक्त पदार्थ जातो, लपवलं तर मोठा दंड होतो.

खसखशीबद्दल मुद्दाम सांगते. दुबई, सौदी, सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांत मोडते. दिवाळीत भाचीला अनारसे पाठवायचे, वहिनीला घरचा मसाला द्यायचा, तर त्यात खसखस नाही ना, हे दोनदा बघा. ज्यांच्या हाती देता त्यांनाही सांगा. यात तुरुंगात जायची वेळ येऊ शकते.

टपालाने पाठवायचं तर पार्सलमध्ये काय आहे, किती वजनाचं, किती किमतीचं, हे कस्टमच्या फॉर्मवर एकेक लिहावं लागतं. "खाऊ" असं लिहून चालत नाही. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली होती. दिवाळीचा फराळ पाठवायचा असेल तर नवरात्रात टपालात जाऊन चौकशी करा.

नातवंडांना मराठी येत नाही. आजी-आजोबांशी बोलायचं कसं?

"मराठीत बोल की!" असं पोराला फोनवर म्हणू नका, ते पळून जातं. त्याला काहीतरी काम द्या. माझ्या मैत्रिणीचा नातू सात वर्षांचा, टेक्सासमध्ये. आजोबा त्याला रोज एक कोडं घालतात, उत्तर दुसऱ्या दिवशी. उत्तर सांगायला तरी मराठी लागतं. एक आजी व्हिडिओवर पत्ते खेळते, बदाम सात. "बदाम", "चौकट", "इस्पिक", "किलवर" हे शब्द पोराला आधी आले आणि मग "आजी, तू चीटिंग करतेस" हे पूर्ण वाक्य.

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. मोठ्यांना वाचायला मराठी पुस्तकं मिळत नाहीत अशी ओरड असते. आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली "ग्रंथ तुमच्या दारी" सुरू केलं, विनायक रानडे यांच्या त्या पुस्तकपेट्या दुबई, नेदरलँड्स, टोकियोपर्यंत गेल्या आहेत. तुमच्या गावी पेटी आहे का हे तिथल्या मराठी मंडळात विचारा.

मित्रमैत्रिणी तुटत चालले आहेत.

ग्रुपवर फुलांचे फोटो टाकून मैत्री टिकत नाही. दोघं-तिघंच निवडा. महिन्यातून एकदा, चालता चालता, दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवा. आवाजात धाप, रस्त्याचा गोंगाट, मध्येच "थांब, सिग्नल सुटला" हे सगळं जातं. त्यांच्या आईवडिलांच्या तब्येतीची चौकशी करा. आणि नाशिकला याल तेव्हा "भेटू कधीतरी" म्हणू नका. दिवस, वेळ, मिसळीचं ठिकाण सांगा.

सणाच्या दिवशी फार एकटं वाटतं.

वाटतं, आणि ते चौदा वर्षांत मला कधी कमी झालं नाही. दिवाळीपेक्षा मला रंगपंचमीला जास्त व्हायचं. जगात सगळीकडे होळीला रंग खेळतात, पण रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, कुठे आहे? तिवंध्याची, शनी चौकाची, दिल्ली दरवाजाची. वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद असतात, आपण त्यावरून येतो-जातो, आणि रंगपंचमीला पूजा करून उघडतात. ऑफिसातल्या लोकांना मी "रस्त्याच्या खाली रंगाचा हौद" असं सांगायची आणि त्यांना वाटायचं माझी भाषा चुकतेय.

एका वर्षी दादाने रहाडीच्या काठावरून फोन लावला. बोलला काहीच नाही, फोन नुसता वर धरला. ढोल, आरडाओरडा, आणि मग कोणीतरी धप्पा मारल्याचा तो दणका आणि पाणी उसळल्याचा आवाज. दोन मिनिटांनी फोन कट झाला. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. तेव्हापासून सणाला व्हिडिओपेक्षा आवाज पाठवा असं मी सगळ्यांना सांगते. चित्रात तुम्ही बाहेरून बघत असता, आवाजात डोळे मिटून आत जाता येतं.

वर्षातून एकदाच येता येतं. कधी यावं?

लग्नसराईत आलात तर कार्यालयांमध्येच फिराल आणि आईशी निवांत बोलणं मुंबई विमानतळाच्या वाटेवर गाडीत होईल. बिनसणाचा महिना निवडा. एक दिवस फक्त घरी बसा, एक दिवस आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, एक दिवस वडिलांबरोबर बँकेत जा.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे, मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पंचवटी, जुनं नाशिक, त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी त्या दिवसांत गाडी दारापर्यंत येईल असं धरून चालू नये, आणि म्हाताऱ्या माणसांची औषधं आधीच भरून ठेवावीत. पर्वणी बघायची हौस असेल तर जरूर या, पण आठवडाभर आधी.

आईबाबांना कायमचं तिकडे न्यावं का?

त्यांना विचारा, आणि पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी न्या, हिवाळ्यात नको. सकाळी दूधवाला नाही, पेपर नाही, दुपारी कोणी दार वाजवत नाही, हे सोसतं का ते त्यांनाच कळू द्या. मुलाकडे सगळं छान आहे आणि तरी मन लागत नाही, असं म्हणायची त्यांना मुभा द्या. प्रवासाचा आरोग्य विमा नीट घ्या. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोंचं कवच लागतंच.

अंत्यसंस्काराला पोहोचता आलं नाही. मनातून जात नाही.

याला उत्तर म्हणावं असं माझ्याकडे काही नाही, काही गोष्टी आहेत त्या सांगते.

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या कित्येकांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असतो, बाहेर पडलं तर परत जाताना अडकायची भीती असते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) नसेल तर व्हिसासाठी थांबावं लागतं. म्हणून ओसीआय आणि पासपोर्ट आजच बघा, कोणी आजारी नसताना. आणि इथल्या नातेवाइकांनो, "आला नाही" असं म्हणण्याआधी त्याला काय अडलं होतं ते विचारा.

थांबायचं की नाही, हे घरच्यांनी एका तासात ठरवून मुलाला स्पष्ट सांगावं. थांबणार नसाल तर फोनवर दाखवायचं का हेही त्यालाच विचारा. काहींना बघायचं असतं, काहींना बघवत नाही. दोन्ही बरोबर. दहाव्याला पोहोचता आलं तर रामकुंडावर त्याच्यासाठी थोडं काम राखून ठेवा. अस्थी घेऊन लोक दूरदूरहून आपल्या गंगेवर येतात, घरचा मुलगा महिन्याने आला तर त्याच्यासाठी थोड्या ठेवता येतात. गुरुजींना विचारलंत तर तेही मार्ग काढून देतात.

जमिनीच्या, फ्लॅटच्या कागदांसाठी मलाच यावं लागेल का?

नाही. तिकडच्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून भावाला किंवा बहिणीला पाठवता येतं. इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या, हे विसरतात. नेमक्या कोणत्या कामासाठी ते स्पष्ट लिहा, सरसकट सगळे अधिकार देऊ नका, भाऊ कितीही चांगला असला तरी. पुढच्या पिढीचं बोलणं टिकावं म्हणून.

घरचा जुना लँडलाइन काढून टाकावा का? आता कोणी वापरत नाही.

बिल परवडत असेल तर राहू द्या. आईचा नंबर मी तिकडे स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवला होता, पेन्सिलीने, फडताळाच्या आतल्या बाजूला. घर सोडताना भिंत रंगवून द्यावी लागते, तेव्हा तो मी शेवटी पुसला. इथे तो फोन अजून हॉलमध्ये आहे. लेक कधीकधी मोबाइल सोडून त्याच्यावर करते, आणि घंटा वाजली की आई म्हणते, "थांबा, मी उचलते," आणि सावकाश उठते. आम्ही कोणी पुढे जात नाही.